अंतर ठेवून पुणं बघायचं तर पहाटे बघा

आधी एक कबुली. २०२० च्या दिवाळीच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी मी लक्ष्मी रस्त्यावर होतो. पुढे जे लिहितोय त्यात गर्दी करणाऱ्यांना चार शब्द सुनावायचा मोह होणार आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आकाशकंदील हवा होता, दुसरं काही नाही. तुळशीबागेच्या तोंडाशी खांद्याला खांदा लागला तेव्हा कळलं, की ह्या सगळ्या लोकांनाही फक्त आकाशकंदीलच हवा होता.

घरी आलो, हातपाय धुतले, कपडे भिजवले. वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) खुर्चीत बसले होते. "गर्दी होती का रे?" मी म्हटलं, "फार नव्हती." ते म्हणाले, "टीव्हीवर दाखवली आत्ता."

अण्णा शहात्तर वर्षांचे. छापखान्यात कंपोझिटर होते, खिळे जुळवण्यात उमेद गेली. निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या, उतरल्यावर कट्ट्यावर तासभर गप्पा, येताना भाजी. मार्चमध्ये हे सगळं एका रात्रीत थांबलं. पहिले दोन महिने त्यांनी पेपर वाचून, पत्ते खेळून काढले. मग बोलणं कमी झालं. सप्टेंबरात पुण्याचे आकडे देशात सगळ्यांत वर गेले, बेडसाठी लोक फोनवर फोन करत होते, तेव्हा कट्ट्यावरचे त्यांचे एक मित्र गेले. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा, त्यात अण्णांचं वय. जाता आलं नाही. त्यानंतर घरात त्यांचा एकच प्रश्न असायचा, "आज किती?"

मी डॉक्टर नाही. पण माणूस नुसता जिवंत ठेवणं आणि त्याला जगू देणं यात फरक असतो, हे माझ्या घरात मी सहा महिने बघितलंय. तुमच्याही घरात थोडंफार हेच झालं असणार.

ऑक्टोबरात एक दिवस त्यांना म्हटलं, चला, स्कूटरवर बसा. कुठे उतरायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, मास्क काढायचा नाही, नुसतं फिरून येऊ. पावणेसहाला निघालो. थंडी नव्हती पण हवा बरी होती. आधी पर्वतीच्या पायथ्याशी थांबलो, वर देऊळ बंद. मग उगाच गणेश पेठेकडे वळलो. डुल्या मारुतीपाशी अण्णा मागून म्हणाले, "थांब." म्हटलं, काय झालं? तर म्हणे, पानिपतावर मराठ्यांचा घात झाला तेव्हा हा मारुती डोलला, म्हणून डुल्या. माझी आजी सांगायची.

पानिपत १७६१ चं. मारुती डोलला की नाही ते मारुतीला ठाऊक. पण अण्णा बोलले. महिनाभरात पहिल्यांदाच आकड्यांशिवाय दुसरं काहीतरी बोलले.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही जातो. पुण्याचे देव हाच मुळी एक बघण्याचा विषय आहे. पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, निवडुंग्या विठोबा, खुन्या मुरलीधर, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, सोट्या म्हसोबा, चिमण्या गणपती. देवाला इतकी घरगुती नावं ठेवणारं दुसरं शहर मला दाखवा. प्रत्येक नावामागे दोन-तीन गोष्टी, एकमेकींशी न जुळणाऱ्या. आणि हे सगळं बघायला देऊळ उघडं असावं लागत नाही, तिकीट लागत नाही, रांग लागत नाही. सकाळी साडेसहाला रस्त्यावर दूधवाला, पेपरवाला आणि आपण. सहा फूट काय, साठ फूट अंतर मिळतं.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बाहेरूनच बघायचा असतो. आत तसं काय उरलंय? १७३० ला काम सुरू झालं, १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला, जोती राहिली. पण पहाटे समोरचा रस्ता मोकळा असताना तो दरवाजा जेवढा मोठा दिसतो तेवढा दुपारी बाराला कधीच दिसत नाही. तिथून बुधवार पेठेत आलं की दगडूशेठच्या समोरच तेव्हा भिडे वाडा होता. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती जागा. खाली दुकानं होती, वर पडझड, स्मारकाचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं होतं. मी ह्या रस्त्यानं हजार वेळा गेलोय. मान वर करून ती इमारत नीट बघितली ती त्या ऑक्टोबरात. गर्दीत मान वर करता येत नाही हो, पाकीट सांभाळायचं असतं.

फुल्यांचा विषय निघालाच आहे तर एक बोलून घेतो. 'सोशल डिस्टन्सिंग'चं 'सामाजिक अंतर' असं भाषांतर ज्यानं कुणी केलं त्याला आपल्या समाजाचा पत्ता नसावा. ह्याच शहरात १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सामाजिक अंतर मोडायला त्या माणसाचं आयुष्य गेलं. आणि सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला गेल्या त्या प्लेगच्या साथीत, रुग्णांची सेवा करताना लागण होऊन. त्या साथीत पुण्यातले कितीतरी लोक घरं सोडून गावाबाहेर झोपड्या बांधून राहिले. म्हणजे अंतर ठेवणं ह्या शहराला नवीन नाही. शारीरिक अंतर म्हणा. दुसरं अंतर आपल्याकडे आधीच पुष्कळ आहे.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे गोष्टी कुठल्या क्रमानं उघडल्या ते आठवा. ५ ऑगस्ट २०२० ला मॉल. ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार. ५ नोव्हेंबरला निम्म्या खुर्च्यांवर नाट्यगृहं. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, देवळं. आमच्या घराजवळच्या बागेला मात्र मॉलचे दिवे लागल्यावरही कितीतरी दिवस कुलूपच होतं. एसी चालू असलेल्या बंद जागेत शर्ट बघायची परवानगी, आणि वडाखालच्या बाकावर बसलं की शिट्टी. जपाननं आपल्या लोकांना सुरुवातीलाच साध्या तीन गोष्टी टाळायला सांगितल्या: बंद जागा, गर्दी, आणि जवळून बोलणं. हे तीन निकष लावले तर टेकडी, बाग, नदीकाठ सगळ्यात आधी उघडायला हवेत आणि मॉल सगळ्यात शेवटी. आपण बरोबर उलटं केलं. कारण मॉलला भाडं असतं, वेताळ टेकडीला नसतं.

"पण लोक गर्दी करतात ना," असं म्हणणारे आहेत आणि ते खोटं बोलत नाहीत. जरा सूट मिळाली की सिंहगड आणि खडकवासल्याला रविवारी काय होतं ते आपण बघितलंय. पण नीट बघा, गर्दी का होते? सगळं शहर बंद ठेवून दोनच जागा उघड्या राहिल्या की सगळे तिथेच जाणार. पन्नास बागा, सगळ्या टेकड्या, सगळे पेठांमधले रस्ते एकाच वेळी मोकळे असतील तर माणसं विखुरतील. कुलूप लावल्यानं गर्दी कमी होत नाही, ती एका दारावर जमा होते.

म्हणून एक सूचना, हसाल तर हसा. आठवड्यातून एक सकाळ लक्ष्मी रस्ता गाड्यांसाठी बंद ठेवावा. दहा वाजेपर्यंतच. दुकानदारांचं नुकसान नाही, कारण तोवर शटर वर जातच नाहीत. विसर्जनाच्या दिवशी तो रस्ता दिवस-रात्र माणसांसाठीच असतो की! २०२० ला मानाच्या गणपतींचंसुद्धा मांडवातच विसर्जन झालं, मिरवणूक नाही, ढोल नाही. मंडळांनी हे ऐकलं, आपण सगळ्यांनी ऐकलं. एवढी शिस्त पाळणाऱ्या शहराला सकाळी चार तास चालायला रस्ता द्यायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट नाटकवाल्यांची. इथे माझ्याकडे सोपं उत्तर नाही. बालगंधर्वला साधारण ९८९ खुर्च्या. निम्म्या म्हणजे पाचशेच्या आत. पण पडदा, दिवे, बस, ट्रक, नेपथ्य लावणारी पोरं ही निम्मी करता येत नाहीत. त्यात अण्णांच्या वयाचे प्रेक्षक, जे मराठी नाटकाचा खरा आधार, ते बंद सभागृहात यायला घाबरणार, आणि त्यांनी घाबरावंच असं मी म्हणेन. मी अण्णांना नाही नेणार. मग बॅकस्टेजच्या माणसानं करायचं काय? आठ महिने तो घरी होता.

मला वाटतं, जे मुळातच उघड्यावरचं आहे ते तरी आधी उघड्यावर आणूया. पोवाडा, भारूड, गोंधळ, कीर्तन ह्या काही एसी हॉलमध्ये जन्मलेल्या कला नाहीत. देवळाचं आवार, चावडीपुढचं मैदान, हेच त्यांचं रंगमंदिर. शाळांची मैदानं तेव्हा ओस पडली होती. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेच्या मैदानात वर्षानुवर्षं झालाच ना? २०२० च्या डिसेंबरात तसं दहा हजार माणसांचं काही होणार नव्हतं, व्हायलाही नको होतं. पण शंभर माणसं, मोकळं मैदान, सकाळची वेळ, एक गायक, दोन साथीदार, हे का होऊ नये? मार्चमध्ये किराणा दुकानासमोर आपण खडूनं वर्तुळं आखली होती. साखरेसाठी त्या वर्तुळात उभे राहिलो, गाण्यासाठी बसलो असतो. तिकीट ठेवा, रीतसर ठेवा. फुकट नको. फुकट ऑनलाइन मैफली ऐकून आपल्याला वाईट सवय लागली आहे. पडद्यावर ऐकलं तरी पैसे पाठवायचे असतात, हे मला स्वतःलाही जुलैपर्यंत सुचलं नव्हतं.

संग्रहालयांच्या बाबतीत मात्र मी घाई करणार नाही. केळकर संग्रहालय माझं लाडकं. वीस हजारांहून अधिक वस्तू, अडकित्ते, दिवे, मस्तानी महाल. पण ती दालनं, ते जिने, तिथे घोळका झाला की अंतर कसलं ठेवणार? वेळ ठरवून, दहा-दहा जणांना आत सोडलं तर ठीक. नाहीतर थांबूया थोडं. तो अडकित्ता इतकी वर्षं थांबलाय.

नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीत आकडे परत वाढायला लागले होते. आपल्याकडे थंडी पडेल तसं काय होईल, मला भीती वाटत होती. उद्या पुन्हा टाळेबंदी लागली तर लागेल, ती पाळू. पण तेव्हा निदान पहाटेचे दोन तास म्हाताऱ्या माणसांना चालायला ठेवा, एवढी विनंती नियम करणाऱ्यांनी आत्ताच वहीत लिहून ठेवावी. नंतर घाईत ते राहून जातं.

कमेंटमध्ये विचारणार म्हणून इथेच सांगतो, आम्ही दोघंच जातो, ग्रुप वगैरे काढलेला नाही, काढणारही नाही. तुम्ही तुमच्या घरातल्यांना घेऊन निघा. कसब्यापासून सुरुवात करा, साडेसहाच्या आत. मास्क नाकावर, हनुवटीवर नाही. चहाची टपरी दिसली तरी थांबू नका, थर्मास न्या. येत्या रविवारी आमचा नारायण पेठेचा बेत आहे. पत्र्या मारुतीच्या नावाची गोष्ट मी एक ऐकलीय आणि अण्णा म्हणतात ती साफ चूक आहे. बरोबर कुठली, ते तिथे गेल्यावर सांगतो म्हणालेत.