आगटी, पोपटी, तंदूर की ग्रिल? उघड्यावरील भट्टीचा इतिहास, जळणाच्या बाजूने (दीर्घ धागा)

१/
मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडली की पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात एक वाद हमखास रंगतो. शेतावर पाहुणे येणार, हुरडा भाजायचा, जोडीला वांगी, रताळी, कुणासाठी कोंबडी. मग भट्टी कोणती? गॅसवरचे ग्रिल, कोळशाचे झाकणाचे ग्रिल, उभे कापलेले लोखंडी पिंप, मातीचा तंदूर, की जमिनीत खड्डा घेऊन पेटवलेली आगटी? दुकानदार या प्रश्नाचे उत्तर किमतीत देतो, हौशी मंडळी चवीत देतात. इतिहासाचा विद्यार्थी मात्र आधी विचारील: जळण कोणते, आणि ते कुठून आले?

२/
उदाहरणासाठी निरवांगी घेऊ. इंदापूर तालुक्यातले हे नीरेकाठचे गाव; नदीपलीकडे सोलापूर जिल्ह्याचा माळशिरस तालुका लागतो. हा सगळा पट्टा अवर्षणप्रवण. महसूल-इतिहासाच्या अभ्यासकांना इंदापूर ठाऊक असते ते वेगळ्या कारणाने: प्रिंगलची आकारणी फसल्यानंतर १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीची जमीन मोजणी याच तालुक्यात सुरू केली. जमिनीचा पोत आणि खोली पाहून प्रत बांधायची, मग सारा ठरवायचा. मुंबई इलाख्याच्या रयतवारीचा पाया इथे घातला गेला. ज्या जमिनीची प्रत ते बांधत होते, तिच्यावर पिकत होती ती प्रामुख्याने ज्वारी आणि बाजरी.

३/
झाडी विरळ, पाऊस बेभरवशाचा. अशा मुलखात लाकडाची मोठी भट्टी रोज पेटवणे परवडत नाही. परवडते ती गोवरी. उत्तरा-हस्ताच्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरायची. दाणा माणसांना, कडबा जनावरांना. जनावरांचे शेण थापून गोवऱ्या, आणि त्याच गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुढच्या हंगामाचे कोवळे कणीस. आगटीचे सारे सामान एका शेताच्या बांधाआड तयार होते. विकत आणावे लागते ते फार तर मीठ.

४/
आगटी पेटवण्यातही एक शास्त्र आहे. उथळ खड्डा घ्यायचा, गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या आणि मग थांबायचे. धूर सरला, ज्वाळ बसली, वर राखेचा थर आणि आत लाल निखारा राहिला की कणसे त्या राखेत खोचायची, दांडा बाहेर ठेवायचा, अधूनमधून फिरवायची. गोवरीचा निखारा मंद आणि एकसारखा असतो. दाण्यातला ओलावा बोंडातच कोंडला जातो आणि दाणा भाजता भाजता स्वतःच्याच वाफेत शिजतो. कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा. उरतो तो हुरडा.

हेच कणीस गॅसच्या ग्रिलवर ठेवले तर काय होते? खालून कोरडी, तीव्र आच लागते. बाहेरचे बोंड करपते, आतला दाणा एकतर कच्चा राहतो किंवा वातड होतो, आणि जे दाणे सुटतात ते जाळीतून खाली पडतात. त्यात यंत्राचा काही दोष नाही. ते मांसाच्या जाड तुकड्यांसाठी बनलेले आहे, ज्वारीच्या दाण्यासाठी नाही.

५/
शब्दाकडेही पाहण्यासारखे आहे. संस्कृत ‘अग्निष्ठिका’ या शब्दापासून हिंदीत ‘अंगीठी’ झाली आणि मराठीत ‘आगटी’. शब्द एकाच घरचे, पण हिंदी अंगीठी कोळशाची, उचलून नेता येणारी. मराठी आगटी जमिनीला चिकटलेली. उचलून न्यायच्या चुलीला मराठीत ‘शेगडी’ आहेच.

६/
इथे एक सावधगिरी. आगटी जुनी म्हणून तिच्यातली ज्वारीही ‘इथलीच, सनातन’ असे अनेकदा लिहिले जाते. ज्वारी मूळची आफ्रिकेची. तिच्या लागवडीचे प्राचीन पुरावे पूर्व सुदानात सापडले आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन घरे आणि त्यांच्या भट्ट्या मिळाल्या. पण त्या शेतकऱ्यांचे मुख्य धान्य होते सातू, म्हणजे बार्ली. पुणे जिल्ह्यात भट्टीचा इतिहास तीन हजार वर्षांहून जुना आहे, हे निःशंक म्हणता येते. ‘हुरडा तीन हजार वर्षांचा’ असे म्हणण्यासाठी मात्र हा पुरावा पुरत नाही.

७/
दुसरा लाडका दावा: ‘बार्बेक्यूचा शोध आमचाच, मानसोल्लास वाचा.’ अवश्य वाचावा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरचा हा ग्रंथ ११२९च्या सुमाराचा. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांस सळईला टोचून निखाऱ्यावर भाजण्याची वर्णने आहेत. शूलावर भाजलेल्या मांसाला ‘भटित्र’ हा शब्द तर अमरकोशातही आहे, म्हणजे मानसोल्लासाच्या कितीतरी आधीचा. नदीकाठच्या शेतांतले काळे, धष्टपुष्ट उंदीर सोलून सळईवर भाजण्याची कृतीही सोमेश्वराच्या ग्रंथात आहे. अभिमानाने मानसोल्लासाचा दाखला देणारे ही कृती सहसा गाळतात!

पण ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे जगभर गेला. मांस आगीवर भाजणे ही गोष्ट माणसाला जिथे जिथे आग आणि शिकार मिळाली तिथे तिथे सुचली. तिचा शोध एका देशाच्या नावावर लावणे हास्यास्पद आहे. शिवाय मानसोल्लास हे राजाच्या पाकशाळेचे चित्र आहे. नीरेकाठचा कुणबी बाराव्या शतकात काय आणि कशावर भाजत होता, याचे उत्तर त्या ग्रंथात शोधू नये.

८/
तंदूरची गोष्ट थोडक्यात. ‘तनूर’ हा शब्द पश्चिम आशियाचा. भट्टी पंजाब-सिंधच्या वाटेने भारतात रुळली. फाळणीनंतर दिल्लीच्या दर्यागंजमधील ‘मोती महल’सारख्या उपाहारगृहांनी ती देशभर नेली. हमरस्त्यावरच्या ढाब्यांतून ती महाराष्ट्रात आली. तिला लाकडी कोळसा लागतो आणि ती तापायला वेळ लागतो. दिवसभर गिऱ्हाईक असेल तर ती योग्य. घरच्या आठ माणसांसाठी पेटवली तर निम्मा कोळसा नुसती भिंत तापवण्यात जातो.

९/
जळणाचा नियम मराठी मुलखातच कसा ठिकाणागणिक बदलतो, हे रायगड जिल्ह्यातील पोपटी दाखवते. अलिबाग-पेण-रोह्याकडे थंडीत वालाच्या शेंगा येतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, हवे असल्यास अंडी किंवा कोंबडी. तोंड पाल्यानेच बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. जळण कोणते? भाताचा पेंढा, माडाच्या वाळक्या झावळ्या, काटक्या. हे जळण भडकते आणि लगेच विझते, निखारा धरत नाही. म्हणूनच तिथे मडके लागते: क्षणभराचा जाळ मातीच्या भिंतीत साठवून आतल्या वाफेला द्यायचा. गोवरीच्या मुलखात मडके नको, पेंढ्याच्या मुलखात मडक्यावाचून चालत नाही. भांडे जळणाने ठरवले.

१०/
अमेरिकेतही हेच घडले. हेन्री फोर्डच्या मोटारींना लाकडी भाग लागत. त्या कारखान्यांत उरलेल्या लाकडाच्या चुऱ्यापासून १९२०च्या दशकात कोळशाच्या वड्या बनू लागल्या आणि पुढे मोटारींच्या विक्रेत्यांकडेच त्या विकल्या गेल्या. १९५२ साली शिकागोतल्या जॉर्ज स्टीफन याने पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाच्या धातूच्या अर्धगोलांपासून झाकणाचे ग्रिल बनवले, आज ‘वेबर’ नावाने विकले जाते तेच. टेक्सासमध्ये तेलविहिरींचे जाड नळ जोडून धुरावर मांस शिजवणाऱ्या आडव्या भट्ट्या तयार झाल्या, त्यांत तिथल्याच ओकचे लाकूड जळते. तिघांनीही हाताशी उरलेली वस्तू वापरली. इंदापुरात आयात केलेले तेच ग्रिल आणि पिशवीबंद कोळसा वापरला की ती बुद्धी गळून पडते आणि फक्त वस्तू उरते.

११/
आता नीरेकडे परत. १८७६-७८च्या दुष्काळाच्या काळात नीरा डाव्या कालव्याचे काम पुढे आले. १८८५च्या सुमारास पाणी सुटले. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी या कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली: गटातल्या ठरावीक हिश्श्यातच ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिके, आणि त्यांची फेरपालट. त्या योजनेत उसाशेजारी ज्वारीला जागा होती. १९३०च्या दशकात निरवांगीपासून जवळच वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे सहकारी कारखाने आले. पाणी मिळेल तिथे ऊस, हा नियम झाला.

उसाचीही स्वतःची भट्टी होती: गुऱ्हाळाचे चुलवाण. काहिलीखाली जळते ते रस काढून उरलेले चिपाड. म्हणजे पुन्हा तोच न्याय, पिकाचेच जळण पिकाला. ऊस कारखान्याकडे गेला तेव्हा त्याच्याबरोबर चिपाडही गेले आणि तिथल्या बॉयलरमध्ये जळू लागले.

१२/
याचा आगटीशी संबंध सरळ आहे. ज्वारी मागे हटली की कडबा हटतो. कडब्याची जागा उसाच्या वाढ्याने आणि विकतच्या खाद्याने घेतली. घरात गॅस आला. २०१६च्या उज्ज्वला योजनेनंतर अधिकच. या शेवटच्या बदलाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. गोवऱ्या थापणे हे बायकांचे, बिनमोलाचे काम होते आणि बंद घरातला गोवरीचा धूर त्यांच्याच फुप्फुसांत जात होता. परंपरेचे गोडवे गाताना हे विसरणारे लेखन अप्रामाणिक होय.

पण उघड्या रानातली आगटी ही घरातली चूल नव्हे. ती वर्षातून काही दिवस पेटते, आणि कणसे पडतात ती धूर सरल्यावर.

१३/
बारामती-इंदापूर परिसरात कृषी पर्यटन रुजले आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरणही २०२०पासून आहे. हुरड्याची मेजवानी हे त्यातले मोठे आकर्षण. पुष्कळ ठिकाणी देखावा मात्र असा: खड्डा खणलेला, भोवती बाज आणि कंदील, गोवऱ्या विकत आणलेल्या, कणसे बाजारातून पोत्याने आलेली, आणि बांधापलीकडे क्षितिजापर्यंत ऊस. खड्डा राखला, शेत गमावले. कणीस तोडल्यापासून दाण्यातली गोडी उतरू लागते. पोत्यातला शिळा हुरडा आगटीत भाजला काय आणि ग्रिलवर भाजला काय, फरक फारसा उरत नाही.

१४/
म्हणून निवडीबद्दल स्पष्ट मत असे. ज्याच्या रानात ज्वारी आहे आणि गोठ्यात जनावर आहे, त्याने आगटीच पेटवावी; हुरड्यासाठी तिच्याहून सरस साधन बाजारात नाही. पनीर, मासे, कोंबडी भाजायची असेल तर लोखंडी शेगडी किंवा कोळशाचे ग्रिल खुशाल वापरावे आणि त्याला ‘पारंपरिक’ म्हणू नये. गच्चीवर, शहरात, शेजारी माणसे असताना गॅस बरा, धूर कमी. तंदूर ढाब्याला शोभतो. धुराची मोठी आडवी भट्टी घेण्याआधी तिला दहा-बारा तास पुरेल एवढे लाकूड कुठून तोडणार, याचे उत्तर द्यावे. इंदापूर तालुक्यात ते उत्तर सोपे नाही.

१५/
आणि ज्या यजमानाला पाहुण्यांपुढे खरोखर आगटी ठेवायची आहे, त्याने लोखंडाच्या दुकानाऐवजी बियाण्याचा विचार करावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले उत्तरा’, ‘फुले मधुर’ असे खास हुरड्याचे वाण दिले आहेत. गुळभेंडी, सुरतीसारखे जुने वाणही काही शेतकरी अजून राखून आहेत. उसाच्या कडेला दोन-चार गुंठे पुरतात. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्यांत पेरली तर कोवळी कणसे एकदम न येता डिसेंबर-जानेवारीत पाळीपाळीने हाती येतात. उरलेला कडबा गोठ्यात जाईल.