सायकल कोठून घ्यावी?

वार्षिक परीक्षा संपली की अनेक घरांत सायकलीचा विषय निघतो. ‘कोणत्या कंपनीची घ्यावी?’ हाच बहुधा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते नवशिक्याने त्याआधी ‘कोठून घ्यावी?’ हे विचारले पाहिजे.

मी सातवीत असताना वडिलांनी, चार पैसे वाचतील म्हणून, दूरच्या पेठेतून मोठ्या माणसाची सायकल आणली. ‘पोरगा वाढता आहे, पुढे पाय पुरतील,’ असे दुकानदार म्हणाला. परंतु मला तीवर एकदाही बसवून पाहिले नाही. दांड्याखालून पाय घालून मी हाफ पायडल मारीत असे. एके दिवशी उतारावर ब्रेक लागला नाही आणि मी गटारात पडलो. गुडघा आठवड्यात बरा झाला, भीती मात्र वर्षभर गेली नाही. तेवढे दिवस वडिलांच्या कष्टाचा पैसा पडवीत धूळ खात उभा होता.

१८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली यांनी जवळजवळ सारख्या चाकांची व साखळीने मागचे चाक फिरविणारी सायकल बाजारात आणली. तिची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. म्हणूनच साध्या सायकलीच्या बाबतीत कंपनीच्या नावाइतकेच जोडणी करणाऱ्या हाताला महत्त्व आहे. नव्या सायकलीच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत सैल पडतात, आरे पुन्हा ताणावे लागतात, चाकाचा आउट काढावा लागतो. हे काम कोण करणार? घरबसल्या मागविलेली सायकल कदाचित स्वस्त पडेल. परंतु ती बहुधा खोक्यातून अर्धवट जोडलेली येते, आणि नवशिक्याने घाईने आवळलेले हँडल भर रस्त्यात फिरले तर वाचलेल्या पैशाचे मोल काय?

यास्तव ज्या दुकानात मिस्त्री आहे आणि जे घरापासून ढकलत नेण्याइतके जवळ आहे, तेच दुकान नवशिक्याने निवडावे. तेथे सायकलीवर बसून पाहावे. दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यास मध्ये एक-दोन इंच मोकळी जागा राहावी. शिकताना सीटवरून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकावेत. ब्रेक दाबून पाहावा. त्याची मूठ हँडलला टेकता कामा नये. पावती घ्यावी व तीवर सांगाड्याचा क्रमांक लिहून घ्यावा.

ऐपत बेताची असेल तर संकोच नको. विश्वासू मिस्त्रीने दुरुस्त केलेली जुनी सायकल ही कमअस्सल नव्या सायकलीपेक्षा केव्हाही बरी. मात्र सांगाड्याच्या जोडावर तडा नाही ना, पुढचा चिमटा वाकलेला नाही ना, हे अवश्य पाहावे. साखळी पुढच्या चक्रावरून बोटाने ओढताच दात उघडे पडत असतील, तर ती झिजली आहे असे समजावे. पावतीवाचून जुनी सायकल घेऊ नये. ती दुसऱ्या एखाद्या मुलाची चोरीस गेलेली असू शकते.

पालकांना एवढीच विनंती की, दुकानात जाताना मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे. सायकल ज्याने चालवायची, त्याचे पाय पुरतात की नाही हे त्याच्यावाचून कसे कळणार?