विंधन विहिरीचे मोजमाप आणि गावाची नोंदवही

तिरोडा तालुका हा धानाचा आणि तलावांचा मुलूख होय. बोदलकसा, चोरखमारा यांसारखे मोठे तलाव, गावोगावच्या बोड्या आणि वैनगंगेचे पात्र एवढी जलसंपत्ती असूनही, पावसाने ओढ दिली म्हणजे धानाच्या बांध्या भेगाळतात आणि शेतकऱ्याची दृष्टी जमिनीखालच्या पाण्याकडे वळते. विंधन विहिरीस पैसा लागतो व पुष्कळदा तो कर्जाऊ असतो. विहीर कोरडी गेली तरी हप्ते चुकत नाहीत. असे असता जागेची निवड पाणाड्याच्या हातातील नारळावर सोपविणे कितपत योग्य आहे, याचा विचार प्रत्येक शेतकरी बंधूने करावा.

गोंदिया जिल्ह्याच्या बऱ्याच भागात जमिनीखाली ग्रॅनाइट, पट्टिताश्म व तत्सम पुरातन कठीण खडक आहे. असा खडक अखंड असेल तर त्यात पाणी मावत नाही. पाणी असते ते वरच्या कुजलेल्या खडकात व मुरुमात, आणि त्याखाली खडकाच्या भेगांत. म्हणून एका बांधावर भरपूर पाणी लागावे आणि शेजारच्या बांधावर नुसती भुकटी निघावी, असे घडते. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीची गोष्ट निराळी. तेथे वाळूच्या थरांत पाणी साठते.

हे थर डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु विजेला ओळखता येतात. अखंड कोरडा ग्रॅनाइट विजेला फार मोठा रोध करतो. ओला, कुजका खडक वीज बऱ्यापैकी वाहू देतो आणि चिकणमाती त्याहूनही अधिक. या गुणास विद्युत संवाहकता म्हणतात. जमिनीत रोवलेल्या खुंट्यांतून प्रवाह सोडून वरूनच ती मोजण्याची रीत बरीच जुनी आहे. प्रत्यक्ष विंधन छिद्रात उपकरण सोडून असे मोजमाप प्रथम 1927 साली फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथील तेलक्षेत्रात झाले. पुढे आंरी डॉल यांनी निराळी युक्ती काढली व 1949 साली ती प्रसिद्ध केली. या उपकरणात तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यात उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला की भोवतालच्या खडकात चुंबकीय क्षेत्र पसरते. त्यायोगे खडकात वर्तुळाकार प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यास जाणवते. खडक जितका संवाहक, तितकी ही जाणीव मोठी. यास खडकाचा प्रत्यक्ष स्पर्श लागत नाही. म्हणून छिद्र कोरडे असले किंवा त्यात प्लॅस्टिकची नळी बसविलेली असली तरी मोजमाप होते. लोखंडी नळी असेल तर मात्र उपकरण आंधळे होते. तसेच अखंड कठीण खडकात त्याची खूण फार क्षीण पडते. तेथे पाण्याने भरलेल्या उघड्या छिद्रात विद्युत रोध मोजण्याची पद्धत अधिक उपयोगी पडते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. उपकरण जो आकडा देते तो एकाच थराचा नसतो. वरचा थर, खालचा थर, छिद्रातील पाणी, या सर्वांचा प्रभाव त्यात मिसळलेला असतो. म्हणून तज्ज्ञ प्रथम थरांची एक रचना कल्पितात, विद्युत चुंबकीय क्षेत्राच्या नियमांनुसार अशा रचनेत कोणता आकडा यावा याचे संगणकावर गणित करतात, तो प्रत्यक्ष आकड्याशी ताडून पाहतात आणि मेळ बसेपर्यंत रचना बदलीत जातात. परंतु दोन निराळ्या रचना एकच आकडा देऊ शकतात. वरून मोजताना पातळ पण अधिक संवाहक थर आणि दुप्पट जाड पण निम्म्या संवाहकतेचा थर यांतील भेद ओळखणे कठीण जाते. चिकणमाती आणि पाण्याने भरलेला कुजका खडक हेही कधीकधी सारखेच दिसतात. पहिल्यातून पंपाला पाणी मिळत नाही, दुसऱ्यातून मिळते.

हा संशय केवळ गणिताने फिटत नाही. धानाची नजर पैसेवारी कितीही कुशल माणसाने केली तरी पीक कापणी प्रयोगाशिवाय ती पक्की मानीत नाहीत. तसेच हे आहे. गणिताला येथे पीक कापणीच्या जागी विंधनातून निघालेला चुरा व त्याची नोंद लागते. नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोटात हेलिकॉप्टरखाली मोठे वेटोळे टांगून भूगर्भाचे असेच मोजमाप करण्यात आले. इतक्या प्रगत साधनाच्या आकड्यांचा अर्थ लावावयासही जमिनीवरील विंधन विहिरींच्या नोंदी आवश्यक असतात.

म्हणून आमचे आग्रहाचे मत असे की, गावात घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक विंधन विहिरीची, आणि विशेषतः कोरड्या गेलेल्या विहिरीची, नोंद ग्रामपंचायतीत राहिली पाहिजे. आज यंत्राची गाडी येते, रात्रीतून विंधन करते आणि सकाळी निघून जाते. खाली काय लागले हे ज्ञान तिच्याबरोबरच गावाबाहेर जाते. शेतकऱ्याने ज्याचे दाम मोजले ते ज्ञान असे वाया जाऊ देणे हे दुहेरी नुकसान होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील कामे अंगावर घ्यावीत. विंधन चालू असता दर तीन मीटरला निघणारा चुरा खोली लिहिलेल्या लहान पिशव्यांत भरून ठेवावा. चुऱ्याचा रंग कोठे बदलला, ओल कोठे आली, पाणी किती मीटरवर लागले, हे त्याच वेळी वहीत लिहावे. शक्य असेल तेथे लोखंडी नळीऐवजी प्लॅस्टिकची नळी बसविण्यास सुचवावे, म्हणजे पुढे मोजमापाचा मार्ग खुला राहील. उघडे छिद्र लेकरांच्या जिवावर बेतते. म्हणून कोरड्या विहिरीस न निघणारे भक्कम झाकण त्याच दिवशी बसवून घ्यावे.

कोणी म्हणेल की, कोरडी विहीर लिहून काय लाभ? तिच्या मालकास लाभ थोडा, हे खरे. परंतु त्याच्या शेजाऱ्याने उद्या जागा निवडताना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांचा सल्ला घेतला, तर त्यांच्या मोजमापाला आधार मिळेल तो त्याच नोंदीचा. मोजमाप पाण्याची हमी देत नाही. ते चुकीची शक्यता कमी करते. आणि आधारभूत नोंदी जितक्या अधिक, तितकी ती अधिक कमी होते.

पिकाचा पेरा आपण नोंदवितो, जमिनीचा सातबारा जपून ठेवतो. त्या जमिनीखालील खडकाचीही एक वही गावात असावी. तिचे पहिले पान या उन्हाळ्यात होणाऱ्या पहिल्या विंधन विहिरीपासून लिहिण्यास प्रारंभ करावा.