मालक कोण ते ठरेल तेव्हा ठरो, खटला थांबता कामा नये!

कंपनीच्या ताब्यावरून वरच्या मजल्यावर भांडण पेटले की त्याची झळ आधी खालच्या मजल्याला लागते. भांडणारे दोन भाऊ असोत, दोन भागीदार असोत, की जुना मालक आणि कर्ज देणाऱ्या बँका असोत. एक गट कंपनी कायदा न्यायाधिकरणात जातो, दुसरा अपिलात जातो. मधल्या काळात पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी कुठे गेला, हे सांगायला कोणीच पुढे येत नाही. कामगाराने फौजदारी फिर्याद केलीच तर वकिलाचे उत्तर तयार असते : कंपनी कोणाची हाच वाद न्यायप्रविष्ट आहे, तो निकाली निघेपर्यंत खटल्याला स्थगिती द्या. हे उत्तर कायद्याला धरून आहे काय? आमचे स्पष्ट मत आहे की, नाही.

एम. एस. शेरीफ विरुद्ध मद्रास राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच हा प्रश्न हाताळला. दिवाणी दावा वर्षानुवर्षे रेंगाळतो, तोवर गुन्ह्याचा सर्वांना विसर पडावा हे योग्य नव्हे, म्हणून सामान्यतः फौजदारी खटल्याला अग्रक्रम द्यावा, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. अर्थात हा पोलादी नियम नाही, हेही तेथेच सांगितले. पुढे २००५ साली इक्बाल सिंग मरवा प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आणखी स्पष्ट केले की, एका न्यायालयाचा निष्कर्ष दुसऱ्यावर बंधनकारक आहे असे कोणताही कायदा सांगत नाही. दिवाणीत ज्याचे पारडे जड तो जिंकतो, फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे शाबीत करावा लागतो. दोन तराजू वेगळे आहेत.

मग ताब्याच्या वादाचा खटल्याशी संबंधच नाही काय? आहे, पण मर्यादित आहे. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने 'मालक' ठरवताना आस्थापनेच्या कारभारावर अंतिम ताबा कोणाचा, ही कसोटी घातली होती. दंड संहितेच्या कलम ४०५ ने पगारातून वर्गणी कापणाऱ्या मालकाला त्या पैशाचा विश्वस्त मानले. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम ३१६ मध्ये आहे. म्हणजे ताबा कोणाचा हे पाहावेच लागते. परंतु कोणत्या दिवशीचा ताबा? ज्या महिन्यात पैसे कापले आणि भरले नाहीत, त्या महिन्याचा! त्या दिवशी बँकेत सही कोणाची चालत होती, हा पुराव्याचा प्रश्न आहे आणि तो दंडाधिकाऱ्यासमोरच सुटू शकतो. शेअर शेवटी कोणाच्या नावावर जातील याचा त्याच्याशी काय संबंध?

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. भांडणारे गट एकमेकांना वाकवण्यासाठी पोलीस ठाण्याचा वापर करतात. इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी वादाला फौजदारी रूप देण्याच्या या प्रवृत्तीवर कडक ताशेरे ओढले. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितले की, दिवाणी उपाय उपलब्ध आहे एवढ्या कारणाने फिर्याद रद्द होत नाही. आमचे मालक मंडळी निकालाचा पहिला अर्धा भाग वाचतात आणि दुसरा खिशात घालतात!

जेट एअरवेजचे उदाहरण घ्या. १७ एप्रिल २०१९ ला या कंपनीचे शेवटचे विमान उडाले. जून २०२१ मध्ये जालान-कॅलरॉक गटाची योजना मंजूर झाली, आणि मग ताबा देण्याघेण्यावरून हा गट व बँका यांच्यात जुंपली. तो वाद चालू असतानाच सप्टेंबर २०२३ मध्ये बँक कर्जाच्या आरोपांवरून अंमलबजावणी संचालनालयाने संस्थापक नरेश गोयल यांना अटक केली. ते आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. आमचा मुद्दा एवढाच, की बँकेच्या पैशासाठी कायदा ताब्याच्या निकालाची वाट पाहत बसला नाही. नव्या मालकाने कामगारांचा भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी द्यावी या आदेशात हस्तक्षेप करण्यास जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. पण ती योजना अंमलात आलीच नाही, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. बँकेच्या रुपयाला थांबावे लागत नसेल, तर कामगाराच्या रुपयाने का थांबावे?

दिवाळखोरी कायद्याचे कवचही मालक समजतात तेवढे जाड नाही. धनादेश न वटल्याचा खटला स्थगितीच्या काळात कंपनीवर चालत नाही, मात्र जबाबदार संचालकांवर चालतो, असे मार्च २०२१ मध्ये पी. मोहनराज प्रकरणात ठरले. कलम ३२अ नुसार नव्या मालकाच्या हाती कंपनी गेली तर कंपनी जुन्या गुन्ह्यातून सुटते. गुन्हा करणारी माणसे सुटत नाहीत. आणि दोन गटांच्या वादात कंपनीचा प्रतिनिधी न्यायालयात आलाच नाही तर? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०५ ने त्याचीही सोय केली होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कायम आहे. प्रतिनिधी नसला म्हणून काम अडत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. पगाराच्या चिठ्ठ्या आणि निधीचे खातेउतारे जपून ठेवा. कंपनी निबंधकाकडे शुल्क भरून त्या त्या तारखेला संचालक कोण होते याची नक्कल काढा. फिर्यादीत महिना लिहा, रक्कम लिहा, नाव लिहा. कोणी स्थगिती मागितली तर एकच प्रश्न विचारा : मालक कोण ते उद्या ठरेल, पण त्या दिवशी आमच्या घामाचा पैसा कोणाच्या हातात होता?