बोगस डॉक्टर : कायदा पुरेसा कडक आहे



‘बोगस डॉक्टरांसाठी नवा कडक कायदा करा’ हे पत्र वाचले. तळमळ पटली, निदान पटले नाही. 1956च्या कायद्यात नोंदणीविना प्रॅक्टिस करणाऱ्याला जेमतेम 1000 रुपयांपर्यंत दंड होता. 2019च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात तो 5 लाखांपर्यंत गेला, वर्षभरापर्यंतची कैद कायम राहिली. राज्याच्या 1961च्या कायद्यातील कलम 33 तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगात धाडते. आणखी किती कडक हवे?

अडते ते दुसरीकडे. नवी मुंबईत दिघा-तुर्भ्याच्या गल्ल्यांत फिरा. पाटीवर पदव्यांची आगगाडी, नोंदणी क्रमांकाचा मात्र पत्ता नाही. सलाईन लावून तासाभरात कामावर धाडणाऱ्या ‘डॉक्टरसाहेबां’विरुद्ध शेजारी कशाला तक्रार करतील? रात्री दहालाही तेच भेटतात! एमजीएम रुग्णालय किंवा वाशीचे पालिका रुग्णालय गाठायचे तर रोजंदारी बुडते.

नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठी-पावतीवर छापणे वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002च्या नियमावलीने ॲलोपॅथी डॉक्टरांना बंधनकारक केले आहे. पालिकेने आधी हे तपासावे. वाचकांनीही आज घरातली ॲलोपॅथी डॉक्टरची जुनी चिठ्ठी काढून तो क्रमांक शोधावा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा.

— एक वाचक, घणसोली