चार तासवाल्या साहेबांना

"मी रोज चारच तास झोपतो." टीममध्ये आलेल्या नव्या मॅनेजरचं पहिल्याच मीटिंगमधलं हे वाक्य. मग पुढची दहा मिनिटं शिस्त, पॅशन वगैरे. आम्ही बारा जण माना डोलवत बसलो होतो. त्यातले दोघं-तिघं तर आदल्या रात्रीच्या कॉलमुळे खरोखरच डुलत होते.

मंडळी, कमी झोपेत भागणारी माणसं असतात, मान्य. पण त्याचा शिस्तीशी काडीचाही संबंध नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यिंग-हुई फू यांच्या गटाला २००९ साली एका आईत आणि तिच्या मुलीत डीईसी२ नावाच्या जनुकात एक छोटासा बदल सापडला. दोघी सरासरी सव्वासहा तास झोपायच्या, तो बदल नसलेले घरचे लोक आठ तास. तोच बदल उंदरांत घातला, तर उंदीरही कमी झोपायला लागले. (उंदरांना कुणी पॅशनवर भाषण दिलं नव्हतं.) पुढे कळलं, की हे जनुक मेंदूत ओरेक्सिन नावाच्या, आपल्याला जागं ठेवणाऱ्या रसायनाला आवर घालतं. जनुक बदललेलं असलं की तो लगाम जरा ढिला पडतो. बस्स, एवढंच. आणि हो, सव्वासहा तास. चार नव्हे.

२०१९मध्ये याच गटाला एडीआरबी१ या जनुकातही तसाच एक बदल सापडला. तो असतो लाखात साधारण चार जणांत. असे आणखी बदल असतील, म्हणून दहापट धरू. लाखभर लोकांच्या आयटी पार्कात झाले चाळीस. पण कॅन्टीनमध्ये विचारून बघा, दर टेबलावर दोन तरी निघतील! वर २०२२मध्ये ब्रिटनच्या यूके बायोबँकेतल्या माहितीवरून तपासलं, तर असले बदल असलेले लोकही सरासरीने कमी झोपताना दिसले नाहीत. म्हणजे जनुक असूनही खात्री नाही, आणि आमचे साहेब नुसत्या निश्चयावर निघालेत.

मग एवढ्या लोकांना आपलं भागतंय असं का वाटतं? याचं उत्तर मला सगळ्यात भीतीदायक वाटतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली काही धडधाकट लोकांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. लक्ष देण्याच्या चाचण्यांत त्यांच्या चुका रोज वाढत गेल्या आणि शेवटी आख्खी रात्र जागलेल्या माणसाच्या पंगतीला जाऊन बसल्या. पण झोप येतेय का विचारलं, तर उत्तर असायचं, थोडीशी. ज्या मेंदूने मोजायचं, तोच पेंगलेला!

हे मला फार उशिरा कळलं. मीही एके काळी पाच तासवाला होतो, आणि तेही छाती फुगवून सांगायचो. एका रिलीजच्या रात्री टेस्टचं समजून लाइव्ह डेटाबेसमधलं टेबल उडवलं. तेव्हा मी स्वतःच्या मते अगदी फ्रेश होतो. बॅकअप होता म्हणून नोकरी वाचली. पहाटे घरी येताना सिग्नलला बाइकवर डोळा लागला, तो मागच्या ट्रकच्या हॉर्नने उघडला. तिथे बॅकअप नव्हता.

एडिसनचा दाखला देऊ नका. तो कमी झोपण्याच्या बढाया मारायचा, पण दिवसा डुलक्या काढायला प्रयोगशाळेत खाट ठेवली होती. तुमच्या ऑफिसात आहे?

खरा कमी-झोप्या ओळखणं सोपं आहे. सुट्टी आहे, गजर नाही, चहा-कॉफी नाही, तरी गडी पहाटे टुणकन उठतो आणि दिवसभर टवटवीत असतो. बाकीचे आपण सगळे शनिवार-रविवारी उधारी फेडत असतो.

परवा रविवारी एक सर्व्हर बसला म्हणून साहेबांना फोन केला. सकाळचे साडेअकरा. वहिनींनी उचलला.

"झोपलेत हो अजून. उठवू का?"