कोरडे वंगण जिनिंगच्या शेडमध्ये तपासा

राळेगाव, वणी, पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये एक हंगाम काढलेल्या माणसाला तेल आणि रुईचे वैर समजावून सांगावे लागत नाही. प्रश्न आहे तो हे वैर आपण किती वर्षे सोसणार, हा.

१. डबल रोलर जिनचा बीटर गोल फिरत नाही, पुढे-मागे झुलतो. दिशा बदलताना तो क्षणभर थबकतो. त्याच क्षणी शाफ्टभोवतीच्या बुशातला तेलाचा थर तुटतो आणि धातू धातूला घासतो. म्हणून तेल-ग्रीस पुन्हा पुन्हा द्यावे लागते. ते उडाले की रुईला डाग. सांडलेल्या तेलावर कापसाचा भुगा चिकटतो, आणि तापलेल्या बेअरिंगजवळचा भुगा म्हणजे आगीला निमंत्रण. डागाळलेल्या गाठीचा भाव पडला, तर तो तोटा वसूल कुणाकडून होतो? पुढच्या गाडीतला कापूस विकायला आलेल्या शेतकऱ्याकडूनच.

२. यावर एक उपाय म्हणजे कोरडे वंगण अंगातच असलेला ॲल्युमिनियमचा बुश. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कठीण कण मिसळले की झीज घटते, पण ते समोरचा पोलादी शाफ्ट ओरबाडतात. सोबत ग्राफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातले, तर घासता घासता त्याचाच पातळ लेप पसरतो आणि तेलाची गरज कमी होते. ग्राफाइटयुक्त ॲल्युमिनियमचा पाया घालणाऱ्यांत प्रदीप रोहतगी हे भारतीय वंशाचे धातुशास्त्रज्ञ आहेत. भोपाळच्या तेव्हाच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेचे ते संस्थापक संचालक. ही विद्या आपल्याला परकी नाही.

३. मात्र कुणी कॅटलॉग दाखवला म्हणून भुलू नका. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये ग्राफाइट नीट मिसळत नाही, त्याच्या गुठळ्या होतात. प्रमाण वाढले की बुशाची ताकद घटते. ओतताना तापमान फार चढले, तर ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होते आणि ते ओलीने कुजते. आपली यंत्रे तर अख्खा पावसाळा बंद शेडमध्ये पडून असतात! प्रयोगशाळेतला स्वच्छ आकडा इथे पुरेसा नाही.

४. नागपूरजवळ वाडीला १९८९ पासून केंद्रीय खाण मंत्रालयाचे जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व आरेखन केंद्र आहे. सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्रही नागपुरातच. यवतमाळला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिन्ही आपल्याच पैशावर चालतात. मग असे बुश आपल्या भुग्यात, आपल्या ओलीत, पूर्ण हंगामभर चालवून पाहण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाची? बुश किती झिजला, शाफ्ट किती झिजला, तापमान किती चढले, रुईवर डाग किती पडले, हे मराठीत जाहीर व्हावे. बाजार समित्यांनी आणि जिनिंग मालकांनी ही मागणी लेखी करावी, आणि ती येत्या खरेदीचा काटा सुरू होण्याआधी.